जळकोट घराण्याचा संस्थापक

गायकीचं एखादं घराणं उभं राहायला तीन-तीन पिढ्या खपतात म्हणे. जळकोट घराणं मी चार सेकंदांत उभं केलं. तेही खुर्चीवर बसल्या बसल्या, समोरचा चहा निवायच्या आत.

चाकूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत संगीतशिक्षकाची जागा निघाली होती, तिची मुलाखत होती. माझ्याआधी तिघे आत जाऊन आले. तिघांचे झब्बे इतके पांढरेशुभ्र, की त्यांच्याकडे बघताना कपाळावर आडवा हात धरावा लागत होता. मी इस्त्री मोडलेल्या शर्टात. आत संस्थेचे अध्यक्ष बसलेले. ऊस आणि शिक्षण अशी दोन्ही पिकं घेणारा माणूस. त्यांनी माझी प्रमाणपत्रं उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "गुरुजी, घराणं कोणतं म्हणायचं तुमचं?"

खरं उत्तर तोंडात तयार होतं. नांदेडला एक पत्र्याचं शेड आहे. त्यात एक बँड पार्टी आहे. त्या पार्टीचे मास्तर क्लॅरनेट वाजवतात. इस्लापूरहून शिकायला म्हणून नांदेडात आलेला मी, कॉलेजात कमी आणि त्या शेडात जास्त वाढलो. मास्तरांनी मला सा काय असतो इथपासून शिकवलं, स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी देऊन शिकवलं. लग्नसराईत लाल कोट घालून मी त्यांच्यामागे वरातीत चाललोय. हे सगळं दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

पण बाहेर ते तीन झब्बे बसले होते. मी म्हणालो, "जळकोट."

"जळकोटला घराणं हाय?" अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. त्यांची सासुरवाडीच जळकोटची, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी घराणं दुसऱ्या तालुक्यात नेलं असतं.

"होतं साहेब. निजामाच्या वक्ताला दरबारावर रुसून एक उस्ताद हैदराबाद सोडून तिथं येऊन राहिले. मी त्यांचा शेवटचा शागीर्द. तेव्हा ते शंभरीला टेकले होते, पण तीनही सप्तकं शाबूत."

आणि मी माझ्या उजव्या कानाच्या पाळीला बोट लावलं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत गुरूचा उल्लेख आला की कान धरायची रीत आहे. अध्यक्षांनीही आदराने कान धरला. शाळेचे मुख्याध्यापक बाजूला बसले होते, त्यांनी दोन्ही धरले. जो माणूस जन्मलाच नव्हता त्याच्यासाठी त्या खोलीत चार कान धरले गेले आणि मला नोकरी लागली.

उस्तादांचं नाव मी परतीच्या एसटीत ठरवलं. अर्धं एका खताच्या दुकानाच्या पाटीवरून, अर्धं कंडक्टरच्या छातीवरच्या बिल्ल्यावरून.

आता एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. नोकरीसाठी माणूस काय काय बोलतो. पण मला वर्ग मिळाला, आणि वर्गात समोर चाळीस पोरं तोंड उघडं टाकून ऐकायला बसली की माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही. संगीताचा इतिहास शिकवायचा म्हणजे एरवी सनावळ्या आणि थोरामोठ्यांची नावं. पोरं पाच मिनिटांत पेंगतात. म्हणून मी भिंतीवर पुठ्ठ्याची एक मोठी वेल करून घेतली. वर गुरू, खाली शिष्य, मधे हिरव्या कागदाच्या फांद्या. देशातली नावाजलेली घराणी एका बाजूला, आणि मधोमध, सगळ्यांत जाड फांदीवर, जळकोट. उस्तादांच्या नावाचा ताटलीएवढा गोल, आणि त्याच्या खाली थेट माझा.

दर वर्षी नवी पोरं नवे प्रश्न विचारायची आणि उस्ताद वाढत जायचे. पहिल्या वर्षी ते नुसते गायचे. तिसऱ्या वर्षी त्यांनी सकाळी घेतलेली तान डोंगराला आपटून जेवणाच्या वेळेला परत यायला लागली, आणि ते तिला "आली का गं" म्हणून शेजारी बसवून घ्यायचे. सहाव्या वर्षी जळकोटच्या म्हशी त्यांच्या रियाझाच्या ठेक्यात दूध द्यायला लागल्या; धारेची टाळी आणि खाली वेगळी ऐकू यायची. नवव्या वर्षी खुद्द निजामाने त्यांना परत बोलवायला मोटार पाठवली आणि उस्तादांनी तिच्यात शेळी बसवून ती परत धाडली. पोरं लोळायची. माझ्या तासाला हजेरी अशी, की आजारी पोरं अंथरुणातून उठून यायची. एकदा तर शाळा सोडून गेलेलाही एक येऊन बसला होता.

हे झालं गमतीचं. ज्याची मला आजही लाज वाटते ते वेगळंच आहे.

ताल शिकवण्याची माझी एक रीत होती. सोळा मात्रांचा तीनताल घ्या. त्यात नववी मात्रा खाली, म्हणजे जिथे टाळी वाजवायची नाही, हात रिकामा सोडायचा. पोरांना ही खाली काही केल्या लक्षात राहत नाही. म्हणून मी त्यांना मैदानावर न्यायचो आणि ताल चालायला लावायचो. एका मात्रेला एक पाऊल. टाळीच्या मात्रेला पाय दाणकन आपटायचा. आणि नवव्या मात्रेला पाय उचलून तसाच हवेत धरायचा. एका पायावर उभं राहिलेलं पोर धडपडतं, हसतं आणि खाली जन्मात विसरत नाही. थाट म्हणजे बारा स्वरांतून निवडलेले सात; तो शिकवायला बारा विटा: सात उभ्या, पाच आडव्या. थाट बदलला की कोणती वीट निजली आणि कोणती उठली ते पोरांनी धावत जाऊन दाखवायचं. तपासणीला आलेले अधिकारी बघतच राहायचे. लातूरच्या प्रशिक्षणात मला ही कृती व्यासपीठावर करून दाखवायला लावली. तिथे एकाने विचारलं, "ही पद्धत कुणाची?"

मी कान धरून म्हणालो, "आमच्या उस्तादांची."

पद्धत मास्तरांची होती. मास्तरांनी ती वरातीत शोधली होती, कारण बँडवाल्याला बसून ताल मोजता येत नाही, चालत मोजावा लागतो. विटाही त्यांच्याच. पावसाळ्यात शेडात पाणी शिरतं म्हणून पेट्यांखाली ठेवायच्या विटा त्या. म्हशी आणि मोटार मी माझ्याच मनाने रचल्या, त्या फुकटच्या होत्या. विटा आणि पावलं मात्र एका जिवंत माणसाची होती. मी ती त्याच्या अंगावरून काढून एका हवेतल्या माणसाला घातली. मास्तरांना बारा वर्षांत भेटलोही नव्हतो. नांदेडला गेलो की मी त्या रस्त्याने जायचोच नाही. काय तोंडाने जाणार?

मग गेल्या वर्षी आठवीला मी एक कृती दिली: गटागटाने एक जिवंत कलावंत शोधा, वर्गात आणा, मुलाखत घ्या. एका गटाने भजनी मंडळाचा मृदंगवाला आणला. एका गटाने डीजेवाला आणला. तो वर्गात आला आणि आधी प्लग कुठे आहे ते विचारलं. आणि आठवीतली एक पोरगी होती, दोन घट्ट वेण्यांची, प्रश्न विचारल्याशिवाय जिला पाणी पचत नाही अशी. तिच्या चुलत्याचं गावातच लग्न होतं. त्या दिवशी साडेदहाला ती दारात येऊन ओरडली, "सर, जिवंत कलावंत आणलाय! परण्याला अजून टाइम हाय, अर्धा तास हाय त्यांच्याकडं!"

नवरदेव वाजतगाजत मारुतीला जाणार, तो परण्या. त्यासाठी बँड आलेला. नांदेडचा.

मास्तर आत आले. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पायात प्लॅस्टिकच्या चपला. कोट तोच होता, आतला माणूस अर्धा झाला होता. त्यांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. ओठ "ढाप..." इथवर आले. ढापण्या म्हणायचे मला, चष्म्यावरून. पण तेवढ्यात त्यांची नजर माझ्या शेजारी उभ्या मुख्याध्यापकांवर गेली. ओठ मिटले.

"नमस्कार, सर," ते म्हणाले.

मीही नमस्कार केला. अनोळखी माणसाला करतात तसा.

पोरीने कागद उघडला. "आजोबा, तुमचे गुरू कोण?"

मास्तरांनी टोपी काढली, दोन्ही कान धरले आणि आपल्या गुरूंचं नाव घेतलं. "देगलूरकडचे सनईवाले. लई मारायचे. मारलं तेवढंच ध्यानात हाय माझ्या, बाकी समदं विसरलो," म्हणाले. पोरं हसली.

"मग तुम्हाला आमच्या सरांचे उस्ताद माहीत हायेत का?" तिने वेलीकडे बोट दाखवलं.

मास्तर वेलीजवळ गेले. त्यांना वाचायला वेळ लागतो, बोट ठेवून वाचतात. बोट उस्तादांच्या गोलावर फिरलं, फांदीवरून खाली उतरलं, माझ्या नावावर थांबलं. मग परत वर गेलं आणि पुन्हा खाली आलं. वाटेत कुणी नव्हतं. मी तेवढ्या वेळात मेलो असतो तर बरं, असं वाटलं. पण संगीतशिक्षक असे सोयीस्कर वेळी मरत नाहीत.

"हाव," मास्तर म्हणाले. "लई मोठा आदमी."

"आता आम्हाला काही शिकवा ना, आजोबा!"

"शिकवू की. मी काय शिकलेला न्हाई, पण चालता येतं मला. चला, उठा. सोळा पावलं."

बाक सरकवले गेले. मास्तर मोजायला लागले आणि चाळीस पोरं वर्गात चालायला लागली. पाचव्याला पाय आपटला. नवव्याला चाळीस पाय अलगद हवेत, एकही पोर हललं नाही. हलले ते मास्तर. बाकाचा आधार घेऊन उभे राहिले आणि पोरांच्या त्या उचललेल्या पायांकडे बघत राहिले.

"आजोबा," पोरगी एका पायावरूनच म्हणाली, "ही तर आमच्या उस्तादांची रीत हाय. तुम्हाला कुणी शिकवली?"

मुख्याध्यापक कौतुकाने बघत होते. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. परीक्षेत अडलेल्या पोराकडे बघतात तसं, सांगतोस का म्हणून. माझी ही जीभ, जिने म्हशी नाचवल्या, ती टाळूला चिकटून बसली. मी खडूच्या डब्यातले खडू नीट लावायला लागलो.

"शिकवली न्हाई कुणी," मास्तर म्हणाले. "चोरली. तरणा होतो. उस्तादांच्या दाराबाहेर उभं राहून चोरून बघितलं आणि उचललं."

पोरांनी श्वास आत घेतला. मुख्याध्यापक टाळ्या वाजवायला लागले. "बघा मुलांनो! याला म्हणतात प्रांजळपणा!"

गावातून ढोलाची हाक आली. मास्तरांनी टोपी चढवली. दारात माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "पोरं चांगली तयार केलीस," आणि गेले. पुढचे दोन तास मारुतीच्या देवळाकडून क्लॅरनेट ऐकू येत होतं. मी सातवीला कोमल स्वर शिकवत होतो. देऊळ शाळेपासून पाच मिनिटांवर आहे. मी गेलो नाही.

पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही, आणि माझ्या अन्नावर प्रेम करण्याची ख्याती अहमदपूरपर्यंत आहे. शेवटी एका रविवारी शाल, नारळ आणि पेढे घेऊन मी नांदेडला गेलो. शेड तिथेच होतं. बँडची सात-आठ पोरं पेट्यांवर बसून चहा पीत होती. मला बघून त्यातला ढोलवाला आत तोंड करून ओरडला, "ओ चोर उस्ताद! पाव्हणं आलंय तुमच्याकडं!"

मी विचारलं, हे काय नाव?

"तुम्हाला माहीत न्हाई? त्या चाकूरकडच्या लग्नात नवरदेवाच्या पुतणीनं भर पंगतीत सांगितलं ना, का ह्या आजोबांनी विद्या चोरली म्हणून. नवरदेवाच्या दोस्तांनी तेच धरलं. आता कुठं बी जावा, अर्धापूरला जावा, लोक विचारतात, चोर उस्ताद आले का?"

मास्तर आतून हसत आले. "पडलं नाव तर पडू दे. वाजवायचं थोडंच थांबतं त्यानं? बस रे ढापण्या. चहा सांग रे ह्याला."

सांगायचं ते मी एसटीत दहा वेळा घोकलं होतं. उभा राहिलो. तोंड उघडलं. आठ माणसं कप हातात धरून माझ्याकडे बघायला लागली. मला एवढे श्रोते देऊ नयेत, कुणीच देऊ नयेत.

"तुमचा गैरसमज झालाय," मी म्हणालो. "यांनी चोरली नाही. उस्तादांनी यांना दाराबाहेर उभं बघितलं. धो धो पाऊस पडत होता. त्यांनी स्वतः उठून, हाताला धरून यांना आत घेतलं आणि म्हणाले, बेटा, चोरतोस कशाला, घे, दिली तुला."

"आयला!" ढोलवाला म्हणाला. सगळ्यांच्या डोळ्यांत मास्तरांबद्दल आदर उतरला. गोष्ट उत्तम जमली होती. पावसाचा आवाजही मी काढून दाखवला होता. मास्तर मात्र कपात बघत बसले होते.

मला सोडायला ते रस्त्यापर्यंत आले. शाल घडी मोडून खांद्यावर घेतलेली. म्हणाले, "माझंच मला दिलंस की रे. तेबी दुसऱ्याच्या हातनं."

बाकी काही नाही. तक्रार म्हणून बारा वर्षांत तेवढंच बोलले. परतीच्या एसटीत लोहा गेलं, अहमदपूर गेलं, मी खिडकीला डोकं लावून बसलो होतो. मला वाटत होतं मला खोटं बोलता येतं. त्या दिवशी कळलं, मला दुसरं काही येतच नाही.

सोमवारी आठवीच्या वर्गात मी दार लावून घेतलं आणि सांगितलं. सगळं. जळकोटला घराणं नाही. उस्ताद नाहीत. पावलं आणि विटा त्या आजोबांच्या आहेत आणि मी त्यांचा शिष्य आहे.

पोरं हसायला लागली.

"सर, गंमत करून राहिले!"

"मग मोटारीतली शेळी?"

"नव्हती."

"आणि म्हशी?"

"म्हशी आहेत. पण त्या कशाही दूध देतात."

खरं सांगायला मला पाऊण तास लागला. खोट्याला चार सेकंद लागले होते. एकेक पोर गप्प होत गेलं. शेवटी ती दोन वेण्यांची उभी राहिली.

"सर, मग मी त्या आजोबांना चोर म्हणलं. सगळ्या पंगतीत म्हणलं."

"तुझी चूक नाही, बाळ."

"पण तुम्ही तिथंच होता ना, सर? ते बोलले तवा तुम्ही तिथंच उभे होता."

"होतो."

यापुढे तिने काही विचारलं नाही. तिने प्रश्न न विचारण्याची ही पहिलीच वेळ. ती बाकावर चढली, वेलीवरचा उस्तादांचा गोल नखाने सोडवला, आणि खाली उतरून म्हणाली, "त्यांना फोन लावा."

मी लावला. स्पीकरवर ठेवला. चाळीस डोकी टेबलाभोवती जमली.

"आजोबा, मी चाकूरकडची. लग्नातली. तुम्ही चोर न्हाईत."

"बरं झालं सांगितलंस बेटी," मास्तरांचा आवाज आला. "मलाच आता शंका येऊन राहिली होती."

ती हसली आणि हसता हसता रडली. मग तिने फोन माझ्यापुढे सरकवला.

"मास्तर," मी म्हणालो, "पोरांना सांगितलं मी. माझे गुरू तुम्ही आहात."

"काय म्हणलास? ढोल चालू हाय इथं. जोरात बोल."

"माझे गुरू तुम्ही आहात, मास्तर!"

"न्हाई ऐकू आलं. अजून जोरात."

तिसऱ्यांदा मी जो ओरडलो, तो शेजारच्या नववीने ऐकला. खिचडी शिजवणाऱ्या मावशी पळी घेऊन बाहेर आल्या. मुख्याध्यापक कार्यालयाच्या दारात येऊन उभे राहिले. ज्यांनी एकेकाळी दोन्ही कान धरले होते, ते. माझा आवाज मैदानापलीकडे गेला, आणि उस्तादांच्या तानेसारखा जेवणाच्या वेळेला परत काही आला नाही.

"हां," मास्तर म्हणाले. "आता आलं." आणि फोन ठेवला.

पोरं आपापल्या जागेवर गेली. ती मुलगी टेबलाशी तशीच उभी होती.

"सर," ती म्हणाली, "ढोल वाजतच नव्हता. त्यांना पहिल्या वेळेलाच ऐकू आलं होतं."

मी मान हलवली. ते मलाही दुसऱ्या वेळेलाच कळलं होतं.